उलटी बाजू

आहेराची साडी. राखोडी.
कापसाच्या गावात पॉलिस्टर,
आमच्या घराच्या वास्तूला
पंचफुलाबाईंनी दिग्रसहून आणलेली.
फॉल लावून झाला, पिको झाला,
ब्लाउजही शिवून आलं,
आणि नेसायच्या आदल्या रात्री
उदबत्तीचं राखेखालचं लाल टोक
पदरावर पडलं, नेमकं खांद्यावर येईल तिथे.
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. कडा काळी, टणक.

मी कुणाला बोलले नाही.
घडी घातली, तिच्यावर दुसऱ्या घड्या ठेवल्या,
डांबराच्या गोळ्या टाकल्या.
विचारलं कुणी तर म्हणायची,
रंग नाही शोभत मला.
ही एवढी ओळ नऊ वर्षं पुरली.
नणंदबाई येत, चहा घेत,
निघताना माझ्या अंगावरच्या लुगड्याकडे एकदा बघत
आणि चपला शोधत राहत,
पायातच असल्या तरी.

वैशाखात दुपारी करायचं काय.
वावर उघडं, धुऱ्यावर पऱ्हाट्यांचा ढीग,
कूलरच्या टाकीत तळाला दोन बोटं पाणी.
लेकीच्या शाळेतल्या शिवणाच्या डब्यात
सुई सापडली, एक रिंग, लडी तीन:
हिरवी, पिवळी, अर्धी गुलाबी.
टाके मला येतात चार.
धावदोरा, देठाचा, साखळी,
आणि गाठीचा, जो दहातला एक जमतो.

पॉलिस्टरवर सुई सुर्रकन सरकते,
कापड गोळा होतं, ओल्या बोटानं ताणावं लागतं.
भोकाच्या कडेकडेनं सुरू केलं,
बिनकठड्याच्या विहिरीजवळून चालतात तसं.
काय काढायचं ते ठरलंच नव्हतं.
गुलाब मला येत नाही, मोर तर नाहीच.
रोज वाकून पाहिलेलंच हाताला आलं:
पऱ्हाटीचं पान, तीन बोटांचं,
आणि फूल, पिवळं.

तिसऱ्या पाकळीला पिवळा धागा संपला.
दारव्ह्याचा बाजार चार दिवसांवर.
कोण थांबतं! गुलाबी ओवला.
मग एकटीच हसले.
पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पिवळंच असतं,
दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग गळतं.
माझं मधल्या रात्रीतच अडकलं होतं.
राहू दिलं.

मधोमध गाठ. पहिल्या आठ सुटल्या.
नववी बसली, भोकावर, झाकणासारखी.

त्या आठवड्यात रेशनच्या मशीननं
माझा अंगठा ओळखला नाही.
"दुसरं बोट लावा," दुकानदार म्हणाला.
दुसरंही टोचलेलंच.
तिसऱ्यावर तांदूळ मिळाले.

आखाडीला नणंदबाई आल्या तेव्हा
मी तीच नेसून दारात ते तांदूळ निवडत होते.
त्या बोलल्या नाहीत. टेकल्या.
फुलाकडे बघितलं न बघितलं,
खांद्यावरचा पदर उचलून सरळ उलटा केला,
शिवण कळणारी बाई करते तसा,
आणि मागून अंगठा फिरवला.
टणक कडेशी थांबला.

"भोक होतं काय व?"
"हो."
"कायचं?"
"उदबत्ती. नेसाच्या आदल्याच रात्री."
"मंग सांगाचं नाही का?
मले वाटे, तुले रंगच नाही आवडला.
तवापासून राखोडी घेतलीच नाही म्या कोणाले."

तांदळात खडा नव्हता तरी मी शोधत राहिले.

"धागा उरला का?"
"गुलाबी. वीतभर."
"आण. ही पाकळी सैल हाये."
मी साडी सोडायला उठले तर म्हणाल्या, बस,
आणि खराट्याची एक काडी मोडून दिली.
अंगावरचं शिवू नये म्हणतात.
शिवायचंच असेल तर दातांत काडी धरावी.

चष्म्याशिवाय ओवलं त्यांनी, पहिल्या झटक्यात.
चार टाके. धागा दातानं तोडताना
त्यांचं कपाळ माझ्या खांद्याला लागलं,
खोबरेल तेलाचा वास आला.
मी हलले नाही.
काडी अजून दातांतच होती.