एकाच दिवशी

भिंतीच्या दगडांवर केस चिकटलेले.
आधी वाटलं, कुत्र्याचे.
मग खोएलीला पाहिलं मान घासताना,
डोळे अर्धे मिटून, वरचा ओठ लांब काढून,
उन्हात पाठ खाजवणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

जुलै. मालुतीच्या माथ्यावर बर्फ,
घोड्यांच्या अंगावर बोटभर केस.
थंडी वाढते, केस वाढतात,
मुळाशी वस्ती वाढते.
आयाळ फाकून विजेरी धरली:
पिवळट, तिळाहून लहान,
कसलीही घाई नसलेल्या.
आणि लिखा,
एकेका केसाला डकवलेल्या,
नखाने ओढल्या तरी न सुटणाऱ्या.

सेआबाता दोन पावलं मागे सरला.
"आई, आपल्यालाही होतील?"
नाही रे. घोड्याची ऊ घोड्याचीच.
माणसाचं रक्त तिला रुचत नाही.
लाज मात्र सगळ्यांना चावते.

गेल्या महिन्यात लिकोबोकडून
खोगिराखालचं कांबळं मागून आणलं होतं.
त्याआधी आमचा खरारा तिच्याकडे होता.
कोण कोणाकडून कुठे गेलं
हे उवा लिहून ठेवत नाहीत.

सेमोंकोंगला पशुवैद्य बाईंनी पावडरचा डबा दिला
आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली:
एकाच घोड्याला लावलंस
तर कोणालाच लावलं नाहीस.
जितकी घोडी एकत्र चरतात, तितकी सगळी. एकाच दिवशी.

घोडं अडलं ते इथे.
सात घरं.
सात दारांत उभं राहून म्हणायचं,
माझ्या घोडीला उवा झाल्यात.
नवरा वेल्कोमच्या खाणीतून फोनवर म्हणाला,
गप्प बस. रात्री उरकून टाक.

लिकोबो हसली, मग तिने स्वतःचं डोकं खाजवलं,
मग आम्ही दोघी हसलो.
पाच घरं अशीच गेली, कुठे चहा, कुठे नुसती मान.

न्ताते मोहापींनी दारच अर्धं उघडलं.
"माझ्या घोड्याला? तो शर्यतीचा आहे."
मी वाद घातला नाही.
डोक्याचा काळा रुमाल सोडला,
त्यांच्या घोड्याच्या मानेखाली धरला,
आयाळीतून दोनदा खरारा फिरवला.
काळ्यावर कोंडा पडला.
कोंडा चालू लागला.

त्यांनी टोपी काढली.
बराच वेळ रुमालाकडे बघत राहिले.
"शनिवारी?"
शनिवारी. ऊन वर आल्यावर.

तोंडाला फडकी बांधलेली आठ माणसं,
आठ घोडी, एक खेचर (खेचर कोणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही).
केसांच्या उलट दिशेने पावडर चोळायची,
हनुवटीखाली, कानांमागे, शेपटीच्या बुडाशी.
दावी, कांबळी, खरारे उकळायला टाकले
मोठ्या हंड्यात.
ज्यात जोआला शिजते त्यात नाही,
अशी लिकोबोने सगळ्यांना शपथ घातली.
प्रत्येक खराऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा:
आता मागायचं नाही, द्यायचं नाही,
शेजारधर्म मिठापुरता.

पण लिखांवर पावडर चालत नाही.
त्या नुसत्या वाट बघतात.
चौदा दिवसांनी पुन्हा, बाई म्हणाल्या होत्या,
त्या फुटून बाहेर येतील, पण अजून अंडी घातली नसतील,
त्या मधल्या फटीत.

शर्यत तेराव्या दिवशी होती.
सेआबाता दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.
खालच्या गावाकडून ओरडण्याचा आवाज
वाऱ्याबरोबर यायचा, तुटायचा.
न्ताते मोहापी कुंपणाला टेकून उभे,
घोडा मागे, खोगिराविना.
चौदाव्या दिवशी सर्वांत आधी तेच आले,
हातात त्यांच्या बायकोचा काळा रुमाल.

आता लिकोबोच्या भावाने नवं शिंगरू आणलंय.
ओढ्यापलीकडे बांधलंय, एकटं,
रात्री हाका मारतं, खोएली इकडून ओ देते.
सेआबाता त्याला गवत टाकून येतो
आणि हात धुतल्याशिवाय
आमच्या भिंतीलाही शिवत नाही.

काल फोन आला.
"कळलं का गं कोणाला?"

हो.
सगळ्यांना.