चार बोटं

मालिका संपली ती दारावर ओल्या हाताचा ठसा दाखवून.
निपाणीत, सूप मांडीवर घेऊन,
आम्ही तेव्हापासून भांडतोय.

मालूताई म्हणते, हात सवतीचा.
शांतव्वा म्हणते, देव्वाला कसली सवत गे,
ती विहिरीतनं आलीय,
घरात कोण जागं हाय बघायला.
कस्तुरीचं आपलं एकच:
ठशात बोटं चारच होती.
बघितलं न्हाई कुणी?

पानं कातरता कातरता,
हजार विड्या व्हायच्या आत
आम्ही तिला तीनदा मारली,
एकदा लग्न लावून दिलं.

दुसरा सीझन म्हणे दिवाळीनंतर.
कस्तुरी तोवर लेकीकडं हुबळीला जायची, कायमची.
"तिकडं दिसतंय की तेच चॅनेल."
दिसतंय गे.
पण ती चार बोटं कुणाची
यावरनं तिथं भांडायचं कुणाशी?