काय फवारलं, कधी फवारलं

मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये माझं काम विचारायचं.
कॅरेट येतं, मी विचारते: प्लॉट कुठला?
काय फवारलं? शेवटचं कधी?
डबा दाखवा. नुसतं "ते निळ्या झाकणाचं" चालत नाही.
नाव नसेल तर माल बाजूला,
मग तो कितीही गोड असो,
बागवाल्याचा चेहरा कितीही उतरो.

आणि फेब्रुवारीतल्या एका रात्री, आडगाव नाक्याच्या घरात,
अठ्ठाविसाव्या आठवड्यात
माझी अक्कलदाढ उठली.

कळ म्हणजे काय सांगू,
कानामागून एक तार
मांडवाच्या तारेसारखी ताणून बांधली होती कुणीतरी
आणि सगळं घर तिच्यावर लोंबत होतं.

दिगंबरच्या खणात, जुनी बिलं आणि संपलेले सेल यांच्यामागे
त्याच्या गुडघ्याच्या गोळ्या सापडल्या. चार.
दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेली पट्टी,
नाव मधोमध गेलेलं. उरलं होतं नुसतं
"...नॅक प्लस".
तारीख दुसऱ्या अर्ध्यावर. ते अर्धं कुणाच्या खणात आहे कोण जाणे.

खोटं कशाला सांगू,
पेला भरला होता, गोळी तळहातावर काढलीही होती.
पांढरी, मधे रेघ, शाळेतल्या खडूच्या तुकड्यासारखी साधी.
आणि दुखऱ्या जिभेवर सवयीनं आलं:
काय फवारलं?

नाक्यावरचं मेडिकल अकरापर्यंत असतं.
तरन्नुम शटर अर्धं ओढून हिशोब करत होती.
तिनं पट्टी दिव्याखाली धरली, मग माझ्याकडे पाहिलं,
सुजल्या गालाकडे नाही, ओढणीखाली.
"कितवा?"
"सातवा."
"मग ही नाही, ताई.
हिनं बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं.
काळजापाशी एक वाट असते, जन्मापर्यंत उघडी राहायची,
ती आधीच मिटू शकते.
एका गोळीनं होईलच असं नाही म्हणत.
पण मी घेऊ देणार नाही."

डॉक्टर निकुंभ जेवत होत्या. घास गिळल्याचं फोनवर ऐकू आलं.
पॅरासिटामॉल, पाचशेची, एक.
नाहीच राहिलं तर सहा तासांनी पुन्हा, त्याआधी नाही.
सर्दीची गोळी सोबत नको, तिच्यातही बहुतेक तेच असतं.
आणि गोळीवर दिवस ढकलू नका, दाढ उद्याच दाखवा.
पोटुशी बाई म्हणून दातवाला हात लावेना, तर मला फोन द्या त्याचा.
ताप आला, सूज वाढली, तर रात्रीसुद्धा या.

मी म्हटलं, आणि काहीच न घेता सोसलं तर?
"सोसण्याला बक्षीस नसतं हो,"
आणि पाणी प्यायल्या.

घरी येऊन क्रेयॉनसारखा जाड तो कॅरेटवरचा मार्कर काढला,
नव्या, अख्ख्या पट्टीवर लिहिलं:
एक. रात्री अकरा चाळीस.
प्लॉटची जागा कोरी सोडली.
दिगंबर झोपेतच म्हणाला, माझ्या गुडघ्याच्या कुठं गेल्या?

सकाळी हिराबाई गांगुर्डे फुटका मणी कात्रीनं उडवत म्हणाली,
आमच्या वेळी कुठं एवढं विचारणं,
मिळेल ते खायचो, कामाला लागायचो.
मग कात्री थांबली.
दुसऱ्या खेपेचं ती कधी बोलत नाही. आजही बोलली नाही.
पुढचा घड उचलला नुसता, देठाला धरून,
मण्यावरची भुकटी पुसू नये असा.

दुपारी मी दाताला जायला निघाले तर
गेटपर्यंत आली मागं मागं.
"सुनेला पाचवा लागलाय. डोकं धरून बसती.
त्या मेडिकलवालीचा नंबर..."
कागद नव्हता. तिच्या मनगटावर लिहून दिला मार्करनं,
दहा आकडे,
एकही न कापता.