दात

मिरचीचा हंगाम असेतो ठीक चालतं.
दोंडाईचात तेव्हा कुणीही डोळे पुसत बाजारातून जाऊ शकतं,
कुणी विचारत नाही.
प्रश्न नंतरच्या महिन्यांचा.

आधी ताकदीच्या गोळ्या झाल्या, लाल.
मग रक्त तपासलं. रक्त चांगलं निघालं.
बायको आठवडाभर गल्लीत तेच सांगत होती,
रक्त चांगलं आहे त्यांचं, म्हणून.
साडू म्हणाला, मुडावदला संगमावर एक अंघोळ कर.
केली. थंडी वाजली.

मी विहिरीतल्या मोटारी भरून देतो. जळालेल्या.
तांब्याची तार, वेटोळी, वार्निश.
झाकण काढायच्या आत वासावरून सांगतो
कुठलं वेटोळं गेलं ते.
(हे पुढे मी त्या मॅडमना सांगितलं नाही.
फारच जुळून येत होतं.)

पत्ता दिला मेडिकलवाल्या झुंबरशेठनी.
गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, मागच्या बाजूला :
धुळे, सिव्हिल, गुरुवार, चौदा नंबर.
एवढासा पुठ्ठा,
तोही काळ्या पिशवीत घालून दिला.

सकाळच्या गाडीत कंडक्टर म्हणाला,
‘कथा चालना भटू भो?’
धुळ्याला.
‘काय काम काढं?’
तोंडातून निघून गेलं : दात.

खिडकीवरच्या माणसाचा आवाज मोठा.
काय होतंय? काय होतंय बोला!
माझ्यामागे तीसेक माणसं, कान असलेली.
दात, म्हटलं.
त्याने केसपेपरवर लिहिलं, अकरा.
मी बाजूला झालो, आणि मागचा आवाज ओळखीचा निघाला :
दात.

मालपूरचे दरबारसिंग गिरासे.
त्यांची साडेसातची मोटार होळीपासून माझ्याकडे पडून आहे.
मग बोलणं आलंच.
वरची का खालची, त्यांनी विचारलं.
खालची. तुमची?
वरची, ते म्हणाले, आणि गालाला हात लावला,
खालच्या.
लवंगेच्या तेलावर दहा मिनिटं बोललो आम्ही.
मोटारीवर एक शब्द नाही.

अकरा नंबरातल्या पोरसवदा डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं.
चांगले आहेत की दात, म्हणाला.
रक्त चांगलं. दात चांगले.
एवढ्या चांगल्या माणसाने कुठे जावं?

जिना चढलो. अर्ध्यावर मागे चपला वाजल्या.
वळून पाहिलं नाही.
चौदासमोरच्या बाकावर मी या टोकाला बसलो,
गिरासे आप्पा त्या टोकाला.
मधली जागा रिकामी राहिली
तेव्हा त्यांनी डोक्याची टोपी काढून तिथे ठेवली.

आत मॅडम, माझ्या भाचीएवढ्या.
कसं वाटतं, त्यांनी विचारलं, आणि पेन उचललं नाही.
मी म्हणालो, तसं म्हणजे, बरं आहे, परंतु.
परंतु हा शब्द मी शाळेनंतर पहिल्यांदा वापरला.
त्यांनी पंखा कमी केला.
घरी काय बोलता?
अहिराणी.
मग तसंच सांगा. कळलं नाही तर विचारेन.

रातले तीन वाजता जाग येस, म्हटलं.
कोनी मरनं नही. कर्ज नही. पोरगं शिकी राहिनं.
तरी जीव लागत नही कोठेच.
नही म्हणता म्हणता आवाज गेला.
मे महिना. मिरचीची सबब नव्हती.
त्यांनी एकच शब्द विचारला, कुठला ते सांगत नाही.
तो माझ्या आईचा होता.

परतीच्या गाडीत आप्पा शेजारी येऊन बसले.
त्यांना आत काय विचारलं, मी विचारलं नाही.
चिमठाण्याला त्यांनी खिडकीतून शेंगा घेतल्या,
अर्ध्या माझ्या रुमालात ओतल्या,
थांबले.
‘चावता यीन ना तुले?’
वरच्या बाजूनं, मी म्हणालो.
ते हसले असावेत. ऊन समोरून होतं, नीट दिसलं नाही.

मोटार उद्या घेतो हातात.