ज्याचं त्याला

बाबा देवगडच्या बर्फ कारखान्यात मिस्त्री होते.
अंगाला अमोनियाचा वास, बोटांची टोकं कायम सुरकुतलेली.
लादी फोडताना म्हणायचे,
बर्फ उधार गावता गो, येळ गावणा नाय.

धक्क्यावर प्रत्येक होडीचा टब वेगळा:
लाल त्रिकोण तारींचा, पिवळी पट्टी मेतरांची,
कुबलांचा नुसताच ओघळ, रंग संपला म्हणून.
अक्षरांच्या आधी मी त्या खुणा वाचायला शिकले.
एकाची सुरमई दुसऱ्याच्या टबात गेली
तर दिवसभर भांडण.

आता माझं पिंप पोलादी आहे.
उणे एकशे शहाण्णव, दहा दिवस तग धरतं.
आत एक पिशवी, अर्ध्या कपाएवढी:
एका माणसाच्या पेशी,
त्याच्याच रक्तातून काढलेल्या,
त्याचाच कर्करोग ओळखायला शिकवलेल्या.
दुसऱ्या कुणाला चालत नाहीत.

पहिली नऊ वर्षं मी सूक्ष्मदर्शकात बघत होते.
नंतरची बारा, रस्त्यांकडे.

हैदराबादच्या बैठकीत नकाशावर पाच टिंबं होती.
मी कुडाळवर बोट ठेवलं.
कुणीतरी विचारलं, तिथे मार्केट किती?
मी म्हटलं, देवगडहून मुंबई एक रात्र,
तिथे दोन महिने भाड्याची खोली,
सोबत येणाऱ्याचा बुडालेला हंगाम,
हे तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहे?
तेवढ्यात चहा आला.

अनंत तारी, विजयदुर्ग. माझी सातवी फाइल.
पेशी तयार झाल्या सोमवारी.
पैसे जमले गुरुवारी.
मधल्या बुधवारी तो गेला.
पिशवी अजून टाकीत आहे.
दर वर्षी जूनमध्ये कागद येतो,
ठेवायची की नष्ट करायची.
मी 'ठेवा'वर खूण करते,
कारण लिहायची जागा कोरी सोडते.

कुडाळला परवानगी यायला तीन वर्षं लागली.
जनरेटर, दोन फ्रीजर, सहा नर्सा,
आणि एक डॉक्टर, जो बदली मागत नाही.
किंमत उतरली.
खाली आली, असं मी अजून म्हणत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये फोंडा घाटात दरड.
इस्माईलचा फोन: गाडी अडकलीय, पाऊस थांबत नाही,
ताई, पिंपावर घोंगडी घालू?
गरज नव्हती. आतल्या थंडीला
बाहेरच्या पावसाचं काही नसतं.
म्हटलं, घाल.

पहाटे पोचला. मग एका अक्षरावर अडलं.
लेबलवर केशर मेतर, आधारवर केसर.
श आणि स यांच्यामध्ये पावणेदोन तास
मी फोन करत होते.
पिवळी पट्टी, मनात आलं.
रंगाला शुद्धलेखन नसतं.

दोन नर्सांनी मोठ्याने नाव वाचलं, ताडून पाहिलं.
पिशवी कोमट पाण्यात सैल झाली,
थोड्या वेळात खोलीभर लसणीचा वास.
सुकट विकणारी बाई ती, नाक मुरडलं नाही.
नळीकडे बघत म्हणाली,
म्हणजे ह्यां माजांच रगात, माकाच?
होय.
मगे इतके पैशे कित्याक?

नर्स हसली.
मी हसले नाही. ह्याच प्रश्नाचा
मी एकवीस वर्षं पगार घेते आहे.
स्टूल ओढून तिच्याजवळ बसले
आणि पहिल्या रुपयापासून हिशेब सांगू लागले.