फुलीचं अक्षर

पणजीच्या अभिलेखागारात, मागच्या खोलीत,
पत्र्याच्या पेटीतून निघाले डॉक्टर आर्सेनियु कुलासो:
काणकोणच्या सरकारी दवाखान्याचे,
उरलेल्या वेळात झाडांमागे हिंडणारे.
कोइंब्राला धाडलेल्या पत्रांच्या नकला, एकशे बारा.
उत्तरं तीन.

जवळजवळ प्रत्येक पत्रात टिपकागद मागितलाय.
"इथल्या हवेत वनस्पती वाळत नाहीत, महोदय,
त्या विचार बदलतात."
टिपकागद आला नाही.
मग त्यांनी पानं दाबली जुन्या वर्तमानपत्रांत,
नारळाचे भाव आणि कुणा पाद्रीच्या मृत्यूच्या बातमीवर.
नमुने बोटीनं गेले. कागद इथेच राहिले,
त्यांवर देठ, शिरा,
चहासारखा तपकिरी एक अख्खा ऑगस्ट.

मी मऊ ब्रशनं कसर झाडते.
माझं पोर्तुगीज संध्याकाळच्या वर्गातलं, अडखळतं.
एका डागाखाली लिहिलंय, "पोर हिला म्हणतो"
आणि पुढे एक शब्द, फुलीनं सुरू होणारा.
क्षेर्वोद्द.
वीस दिवस मी तो असाच वाचला,
कोशात शोधला, सूचीत शोधला,
शेवटी यादीत 'अनोळखी' म्हणून टाकला.

मंगळवारी तोच मोठ्यानं पुटपुटत होते.
चहा घेऊन आलेला देवकुळो वेळीप
(पेट्यांजवळ चहा नको, किती वेळा सांगितलंय)
म्हणाला, "बाय, ती फुली न्हय, 'श' तो.
शेल्ड्याची पाटी पळयली ना गे?
शेरवड ती. चवथीक माटोळेक बांदतात."

शेरवड.
हिरव्या पानांत एकच पान पांढरं,
कुणी कोरा कागद खोचून विसरावा तसं.
डाग पुन्हा दिव्याखाली धरला:
देठ आहे, शिरा आहेत, आणि मध्ये
पानाएवढी जागा, जिथं काहीच उमटलेलं नाही.

खर्चाच्या वहीत त्याच तारखेला:
खेचर, एक रुपिया. डिंक, दोन तांगा.
पोर, चार तांगा.
खेचराचं नाव दिलंय. एश्त्रेला.

संगणकातल्या तक्त्यात 'संग्राहक' या रकान्यात
एकच नाव मावतं.
देवकुळोला विचारलं, तुमच्या गावडोंगरीतलं कोण असेल?
तो हसला. कोणीही, म्हणाला,
आणि कप उचलून घेऊन गेला, चहा तसाच.
कसर परत त्याच कोपऱ्यात.
रकाना अजून भरलेला नाही.