डेंगळे

श्रूजबरीच्या या घरात आम्ही राहायला आलो
तेव्हा मागच्या कुंपणाशी डॅफोडिल्स होती, भरपूर.
दुसऱ्या वर्षी सात.
तिसऱ्या वर्षी नुसती पात.

शेजारच्या ग्लेनिस प्रिचर्ड भिंतीवर कोपरं टेकून म्हणाल्या,
आंधळी झाली ही. फूल न आलेल्याला आम्ही असंच म्हणतो.
तुमच्याकडे काय म्हणतात?
माझ्या जिभेवर एक शब्द आला होता.
मी म्हटलं, आठवत नाही.

आप्पा बारा एप्रिलला उतरले, सहा महिन्यांचा व्हिसा,
एका बॅगेत कपडे, दुसरीत औषधं, सुतळी आणि दाभण.
लासलगावच्या बाजार समितीत छत्तीस वर्षं मापारी.
मी त्यांना कुंपणाशी नेलं, तक्रार सांगितली.
ते हसायलाच लागले.
अगं, कांद्याला फूल येणं म्हणजे डेंगळा.
डेंगळा आला की आत नुसता दांडा,
व्यापारी पायानं बाजूला सारतो.
जन्मभर आम्ही म्हणत आलो, देवा, डेंगळे नकोत.
आणि तू!

मग उकिडवे बसले. एक पान
शेंड्यापासून मातीपर्यंत बोटांनी चाचपलं.
पात कोण कापतं?
मी श्रीरंगकडे पाहिलं नाही.
मेच्या पहिल्या रविवारी मशीन फिरतं, लॉनसोबत,
कारण पिवळी पडलेली पात वाईट दिसते.
एका वर्षी तर मी तिच्या वेण्या घालून
रबरबँड लावले होते.

तोंडातला घास काढून घेता तुम्ही, आप्पा म्हणाले.
मान पडू द्या. वाळू द्या.
पातीतलं सगळं खाली उतरायला वेळ लागतो.
वाईट दिसतं तर तिकडे बघू नका.

मे गेला. जून अर्धा गेला.
गवत गुडघ्याएवढं, पात आडवी,
भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राच्या रंगाची.
पाहुणे आले तेव्हा श्रीरंगनं पडदा ओढला.

जूनअखेर आप्पांनी खणायला घेतलं.
एका खड्ड्यातून त्रेपन्न कंद,
एकमेकांच्या बरगड्यांत घुसलेले,
गोणी शिवताना शेवटचे दाबतात तसे.
एक तळव्यावर घासून त्यांनी नाकाशी नेला.
वासच नाही, म्हणाले, जरा दुखावल्यासारखे.
ग्लेनिसबाई ओरडल्या, खाऊ नका, विष असतं!
मी सांगितलं त्यांना.
आमचा रडवतो तरी, आप्पा म्हणाले,
हा गुपचूप मारतो होय.

गॅरेजात जुन्या पॅलेटांची हातभर चाळ बांधली,
खालून वारा, वर सावली.
प्रतवारी केली: मोठा माल, गोल्टी, जोड.
बाथरूमचा वजनकाटा आणून मोजलं.
अकरा किलो चारशे. कटती धरलेली नाही.

सप्टेंबरात लावले, वीतभर खोल,
कंदाच्या तिप्पट माती डोक्यावर.
राख मागितली. इथे कुठली राख?
डब्यातलं पोटॅश घातलं, नाखुशीनं.
टोक वर कर, मला म्हणाले,
तू घाईत उलटे लावशील.
उरलेले ग्लेनिसबाईंना, पोस्टमनला,
आणि शाळेसमोरच्या चढावर, अंधारात,
कुणालाही न विचारता.

अठ्ठावीस तारखेला हीथ्रोवर सोडलं.
दाभण विसरले.
ते ड्रॉवरमध्ये आहे, चमच्यांबरोबर वाजतं.

मग पाऊस, मग चार वाजताचा अंधार,
सेव्हर्न दोनदा पायऱ्या चढून आली.
मी कुंपणाकडे बघत नव्हते.

मार्चमधल्या एका सोमवारी, डबा भरताना, दिसली.
मोजायला गेले.
एकशे बारावर थांबले, ऑफिसला उशीर होत होता.
फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा.
आप्पा बराच वेळ टाइप करत होते.

शेवटी आलं:
सगळा माल डेंगळ्यांचा.

आणि मिनिटभरानं, खाली,
पात कापू नको.